पिकण्याचा हिशेब

सकाळची पूजा आटोपून, कपाळावरचं भस्म अजून ओलं असतानाच शैलजा तेरदाळे मिरजेतल्या दस्तगीरभाईंच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात पोचल्या. दारात भोपळ्यांनी भरलेला टेम्पो उभा होता आणि भिंतीवरचा मुनीम लाल झाला होता.

मुनीम म्हणजे लेखनेत्र. मुठीएवढी काचेची डबी. सरकारने छोट्या धंद्यांना ती दिली तेव्हापासून हिशेब लिहायला माणूस लागेनासा झाला होता. माल आला, गेला, कुणी रंधा मारला, कुणी तारा चढवल्या, सगळं डबी पाहायची आणि आपणच लिहायची. रोज संध्याकाळी पाच वाजता ते लिखाण पतकेंद्रात जायचं आणि धंद्याला किती उधारी मिळेल ते तिथे ठरायचं. शैलजाताईंकडे आता एवढंच काम उरलं होतं की कुठली वस्तू कुठल्या खात्यात धरायची ते डबीला समजावून सांगायचं. गल्लीतली पोरं त्यांना मुनिमाची आई म्हणायची. त्या नुसत्या हसायच्या.

आज मात्र हसू आलं नाही. लाल रंगात त्यांनी डबीला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"काय झालं रे मुनिमा?"

"माळ्यावरचे बहुतेक भोपळे दोन वर्षांहून अधिक काळ हललेले नाहीत," डबी आपल्या गोड, सपाट आवाजात म्हणाली. "नियमाप्रमाणे तो मृत माल. किंमत शून्य धरली आहे. उरलेल्या मालावर उधारीची मर्यादा पुरत नाही. नवी उधारी थांबवली आहे. आज पाच वाजता खातं बंद होईल."

दस्तगीरभाई दारातच उकिडवे बसले होते. "ऐकलंसा का वहिनी? मेलेला माल म्हणतोय! आवो, भोपळा टांगून ठेवल्याबिगर तंबोरा हुतो का? चार-पाच वर्षं वाळला की मग कुठं बोलायला लागतोय तो."

"मग हा टेम्पो?"

"तेच तर! पैसं आत्ताच द्यायला पायजेत. न्हाई तर हा भीमाकाठला परत जायचा न्हाई, सरळ पुण्याला जायचा. तिथं दिव्यांची झुंबरं करत्यात भोपळ्याची, रोख देत्यात." भाईंचा आवाज खाली आला. "वर्षातनं एकदा येतोय हा माल. औंदा चुकला, तर चार-पाच वर्षांनी आमच्या हातात करायला काय असंल?"

आतून चहाचा कप घेऊन टेम्पोवाला डोकावला. "ताई, मी जेवणापतुर थांबतो. पुढं न्हाई जमायचं बघा."

शैलजाताईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सांगलीला फोन लावला.

हर्षद आवटी या साऱ्या गल्लीचा सीए. पोरगेलासा, हुशार, बोलण्यात तडफ. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ताई, तो नियम मीच घातलाय. गेल्या साली किराणा दुकानांना लावला, या महिन्यापासून सगळ्यांनाच सरसकट. न हलणारा माल शून्य धरला की कर वाचतो ना! किराणावाल्यांना फार फायदा झाला."

"अहो आवटीसाहेब, भोपळा म्हणजे बिस्किटाचा पुडा का?"

"आणि तुम्ही तो कच्च्या मालात कशाला धरलात मग?"

ताई ओशाळल्या. ते खरंच होतं. सोपं खातं दिसलं, तिथं टाकून दिलं होतं. "बरं, चुकलं माझंही. आता भांडत बसलो तर पाच वाजतील. या तुम्ही."

यायला हवंच होतं. डबीने लिहिलेली नोंद बदलायची तर कायद्याने जोडहरकत लागायची. काय घडलं हे सांगणारी हिशेबनीस आणि त्याचा अर्थ काय हे सांगणारा लेखापाल, अशा दोघांनी त्याच जागी, एकाच वेळी डबीवर अंगठे टेकवायचे. एकट्याचं म्हणणं डबी ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची.

हर्षद स्कूटरवरून आला तो हेल्मेट हातात घेऊनच शिडीपाशी गेला. "पुरावा काय देणार आपण? भोपळा पिकतो, हे डबीला दाखवायचं कसं? वजन?"

"वजन पहिल्या वर्षीच उतरतं. पुढचं सगळं आवाजात."

"मग आवाजाच्या नोंदी काढा की! डबीला कान आहेत."

शैलजाताईंनी वर माळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माळ्यावरचा कान मीच बंद ठेवलाय."

"काय?"

"खैरूनआपा तिथं रोज भोपळे ठोकून बघतात. नमाजही तिथंच पढतात. त्या म्हणाल्या, मी ऐकत असताना मला कुणी ऐकायचं न्हाई. मला ते पटलं. एखाद्याच्या उपासनेत कान कशाला लावायचा?"

हर्षदने कपाळाला हात लावला आणि मग त्याला हसूच फुटलं. "म्हणजे इतकी वर्षं डबीला काय दिसलं? एक म्हातारी शिडी चढते, वस्तूंना हात लावते आणि काही न हलवता उतरते!"

"म्हातारी कुणाला म्हंतोस रे?" वरून आवाज आला.

खैरूनआपा दस्तगीरभाईंच्या थोरल्या बहीण. कारखान्यात कुठला भोपळा कुठल्या तंबोऱ्याला, हे ठरवायचा मान त्यांचा. त्यांनी माळ्याच्या कडेला येऊन सगळं ऐकून घेतलं. ताईंनी शिडीखाली हात जोडले. "आपा, आजच्या दिवस कान उघडू का? तुमची परवानगी नसेल तर नको."

"माझ्या कानाला साक्षीदार लागतोय व्हय आता?"

"तुमच्या नाही. भोपळ्यांच्या."

आपांनी खाली टेम्पोकडे पाहिलं, भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नमाजाच्या वक्ताला बंद करायचा. कबूल?"

"कबूल."

डबीचा कान उघडून ताई आणि हर्षद शिडीने वर गेले. माळ्यावर आढ्याला बांधलेल्या दोरांवर भोपळे ओळीने लटकत होते. आपांनी पहिल्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली. टप्. दुसऱ्यावर मारली. टप्प.

"आवाज नोंदला," डबी म्हणाली. "एका दिवसाच्या नोंदीवरून बदल सिद्ध होत नाही."

हर्षदचा चेहरा पडला. "बरोबर आहे तिचं. पिकणं दाखवायचं तर वर्षानुवर्षांच्या नोंदी लागणार. आणि आपल्याकडे आहे फक्त आजचा..." तो बोलता बोलता थांबला. दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची नजर धावली. "ताई, हे सगळे एकाच साली आणलेत का?"

"छे! दरवर्षीचा दोर वेगळा. माळ्याच्या दारापाशी गेल्या सालचे, कौलाखाली सगळ्यात जुने. कुठला दोर कुठल्या साली टांगला, ते मी सांगते. दरवर्षी टांगताना मी इथंच उभी असते, नारळ मीच वाढवते."

"अहो मग झालं की!" हर्षद असा ओरडला की टेम्पोवाला धावत आत आला. "एकाच भोपळ्यामागे पाच वर्षं कशाला थांबायचं? पाचही वर्षं आज इथं शेजारी शेजारी टांगलेली आहेत! आपा, दारापासून सुरुवात करा. ताई, तुम्ही साल सांगा. मुनिमा, नाद किती वेळ टिकतो ते मोज!"

मग माळ्यावर जणू उत्सवच सुरू झाला. आपा ठोकत पुढे निघाल्या, ताई साल उच्चारत गेल्या, आणि हर्षद पिशवीतून काढलेल्या पाटीवर एकेक ठिपका मांडत गेला. दारापाशी नुसतं टप्. पुढे गेलं की त्या टप्ला शेपूट फुटू लागलं. मधल्या दोरावर ते गुंजायला लागलं. शेवटच्या, कौलाखालच्या भोपळ्यावर आपांनी टिचकी मारली, तेव्हा आवाज इतका वेळ हवेत राहिला की खाली दस्तगीरभाईंनी नकळत डोळे मिटले.

पाटीवरचे ठिपके एका चढत्या रेषेत बसले होते.

"आता विक्री," हर्षद म्हणाला. त्याला धाप लागली होती. "जुन्या भोपळ्याचे तंबोरे जास्त भावाने गेलेत का?"

"कुठल्या तंबोऱ्याला कुणी किती दिले, सगळं मुनिमाजवळच आहे. फक्त दोराशी जोडलेलं नव्हतं. थांबा, मी जोडते." ताई एकेक तंबोरा त्याच्या दोराशी जोडू लागल्या आणि पाटीवर पहिल्या रेषेच्या अंगाला अंग लावून दुसरी रेषा चढली. नाद जितका लांबला, तितका भाव चढला होता.

"हा मृत माल नाही," हर्षद डबीला म्हणाला. "हा पिकणारा माल आहे. याचं स्वतंत्र खातं उघड. दरवर्षी घसारा नाही, वाढ धरायची. आधार म्हणजे ही रेषा."

"साल आणि दोर मी डोळ्यांनी पाहिलेत," ताई म्हणाल्या. "माझी साक्ष."

दोघांनी खाली उतरून भिंतीवरच्या डबीवर अंगठे टेकवले.  मग लाल रंग वितळला, पिवळा झाला, हिरवा झाला.

"जोडहरकत मान्य. उधारीची मर्यादा पूर्वीहून अधिक."

दस्तगीरभाई उठले ते थेट टेम्पोकडे पळाले. "उतरव रं सगळं! जपून, लेकरं हाईत ती!"

हर्षदचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "ताई, विचार करा! सागवान वाळवणारे सुतार, मुरवलेली लोणची विकणाऱ्या बायका, गावोगावचे किती धंदे नुसते थांबून थांबून मोठे होतात आणि डबी त्यांना मेलेले समजते! प्रत्येक गल्लीत तुमच्यासारखी एक आणि माझ्यासारखा एक जोडीने बसला, तर..."

"तुमच्यासारखा आधी दुपारचं जेवू दे," ताई म्हणाल्या. पण त्यांच्याही डोळ्यांत पाणी चमकत होतं.

"एक नोंद मिटत नाही," डबी मध्येच म्हणाली.

सगळे वळले.

"कुठला भोपळा कुठल्या तंबोऱ्याला, या खैरूनबींच्या निकालापेक्षा माझा अंदाज काही ठिकाणी वेगळा पडला. त्याच दोरांवरच्या जुन्या विक्रीशी ताडून पाहिलं. त्यांचं बरोबर, माझं चूक. त्यांनी निवडलेल्या भोपळ्यांची वर्षावर्षाची विक्री पाहता त्यांचा अचूकपणा दरवर्षी वाढलेला आहे. म्हणजे हा कानही पिकणारा आहे. सध्या तो मजुरीच्या खर्चात धरला जातो. पिकणाऱ्या मालाच्या खात्यात घेऊ का? घेतल्यास उधारीची मर्यादा दुप्पट होईल. जोडसंमती हवी."

"दुप्पट!" हर्षदचा अंगठा वर झालाच होता. "ताई, कुणी कारागिराला कधी खर्चातून काढून मालमत्तेत लिहिलंय का? हे तर..."

शैलजाताईंचाही हात उचलला गेला. जन्मभर ज्या बाईचं काम मजुरीच्या रकान्यात मावत गेलं, तिला आज तिची जागा मिळत होती. पण हात डबीपाशी पोचेपर्यंत आपा शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या आणि पदराने बोटं पुसत होत्या.

"शैला," त्या म्हणाल्या, "भोपळ्यावर कर्ज काढलं, तर भोपळा बँकेकडं गहाण पडतो न्हवं?"

"हो आपा."

"मग कानावर काढलं तर?"

हर्षदने वर उचललेला अंगठा खाली घेतला. डबी हिरव्या उजेडात शांतपणे वाट पाहत होती. बाहेर भाई एकेक भोपळा उराशी धरून आत आणत होते.

"उद्या मी म्हटलं, आज ठोकायला मन न्हाई," आपांनी विचारलं, "तर ते म्हणायचा हक्क माझ्याकडं ऱ्हाईल का गं?"