आबांच्या रक्तातलं जस्त कुणी नेलं?

आबांच्या रक्तातलं जस्त घटत होतं आणि चोर कोण, याबद्दल शाल्मलीला शंका नव्हती.

आबांची मूत्रपिंडं थकल्यापासून निवळ नावाचा रोबो घरीच त्यांचं डायलिसिस (यंत्राने रक्त गाळणे) करायचा. आज त्याने पडद्यावर आबांच्या हातातली रक्तवाहिनी दाखवली. सुई टोचायची ती हीच. तिच्या भिंतीत पांढरे ठिपके होते.

"हे कॅल्शियम. वाहिनी ताठ होतेय," निवळ म्हणाला. "अशीच होत राहिली तर सुईला जागा उरणार नाही. जस्तही कमी झालंय. तांबं मात्र वाढलंय."

"जस्त तूच घेतोस," शाल्मली म्हणाली. "रक्त तुझ्यातूनच जातं."

"थोडं माझ्यातून जातं. थोडं पथ्याच्या जेवणातून मिळतच नाही. पण तांबं मी कशाला वाढवू?"

शाल्मलीची नजर आबांच्या उशाकडे गेली. दारात उभ्या आईची नजर तिच्यावरून हलेना.

"शमू, तांब्याचा लोटा कुठंय?"

"आबांच्या उशाशी. निवळ देतो त्या पाण्यावर माझा विश्वास नाही. म्हणून त्यांच्या वाटणीचं मोजकं पाणी मी रोज लिंबू पिळून रात्रभर त्यात ठेवते. तांब्यातलं पाणी चांगलं असतं ना?"

आईने लोटा उजेडात धरला. "कल्हई पार गेलीय. आंबट ठेवतं का कुणी यात?"

"आंबटाने तांबं पाण्यात उतरतं," निवळ म्हणाला. "जस्त आणि तांबं ही सूक्ष्म खनिजं (शरीराला अगदी कणभर लागणारी) आहेत. तराजूची दोन पारडीच म्हण ना. जस्त कमी पडलं, की वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी हाडासारख्या वागू लागतात, अशी शास्त्रज्ञांना शंका आहे."

"म्हणजे मीच केलं?"

"एकट्या लोट्याने वाहिनी ताठ होत नाही. मधुमेह, रक्तात साठणारा फॉस्फरस, वय, सगळ्यांचा हात असतो."

"वय माझंच," आबा म्हणाले. "आता माझ्यावर संशय घे."

"मग जस्ताच्या भरपूर गोळ्या देऊ," शाल्मली म्हणाली.

"भरपूर नको. मग तांबंच फार कमी होईल. डॉक्टर रक्त तपासून ठरवतील."

लोटा बंद झाला, डॉक्टरांनी ठरवलं तेवढंच जस्त सुरू झालं. पुढच्या तपासण्यांत तांबं उतरलं, जस्त जरा चढलं. ठिपके होते तेवढेच राहिले. सुईला जागा होती.

शाल्मलीने निवळसमोर खुर्ची ओढली. "तुझी गाळणी दाखव. घाण जाईल आणि जस्त राहील, अशी करता येते का?"

"अजून कुणी केलेली नाही."

"करता येते का, ते विचारलं मी."

 निवळने गाळणीचं झाकण उघडलं.