पाचवीची काटी

तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उताराला, नीतू आणि प्रविण दोन दिवस झुडपं मोजत होते. गावाच्या जैवविविधता नोंदवहीचं काम होतं. दहा-दहा मीटरचे चौकोन आखायचे, कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या, खुंट्यांना सुतळी बांधायची आणि आत कोणतं झुडूप किती ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी दिवस बुडताना गावातले म्हातारे देवाजी आपला डोंगा, लहानशी होडी, बांधून पाळीवर आले. सांडव्याजवळच्या चौकोनाची सुतळी त्यांनी मुकाट्यानं सोडली आणि हाताला गुंडाळून घेतली.

“आबाजी! पुरी दुपार गेली ना त्याच्यात!” प्रविण ओरडला.

“जाऊ दे. तेवढा चौकोन वहीत कोरा ठेव. बसा दोघं. ऐकून घ्या, मग वाटलं तर आपल्या हातानं बांधा सुतळी.”

अंधार पडला तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं.

लिलाधर याच गावचा ढिवर. जाळं फेकण्यात आणि कमी बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. 17 नोव्हेंबर 2019, रविवार. मोहाडीत मासोळी विकून तो साडेचारला घरी आला, सायकल भिंतीला टेकवली, तर शकुन दारातच उभी.

“हातपाय मागून धुवा. आधी बोरीची काटी आना. दिवस बुडाच्या आत.”

“सकाळी सांगतलं असतं तर...”

“सकाळीच सांगतलं. तुमचं ध्यान मासोळीत.”

त्यांची लेक डिंपल बाळंतपणाला माहेरी आली होती. बुधवारी मुलगा झाला, रविवारी पाचवी. पाचवीच्या रात्री सटवाई लेकराच्या कपाळी लिहून जाते. पण रात्र उघडी असते, तिच्या मागोमाग दुसरंही कोणी आत येऊ पाहतं. म्हणून बाळंतिणीच्या दारात बोरीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी टाकायची. एरवी लिलाधर असल्या गोष्टी हसून सोडून देई. या वेळी त्याला हसू येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डिंपलची पहिली मुलगी शहरात, सासरच्या भाड्याच्या खोलीत झाली होती. पाचव्या दिवशी दुपारी तिनं दुधावरून तोंड फिरवलं. पहाटे ती गेली. डॉक्टरांनी एक कारण सांगितलं, शकुननं आपल्या मनाशी दुसरं धरलं. त्या दारात काटी नव्हती.

आज दुपारी या मुलानंही तोंड फिरवलं होतं. डिंपलला अजून दूध उतरलं नव्हतं. शेळीचं दूध चमच्यानं पाजलं, तेही त्यानं ओठाबाहेर टाकलं. मोहाडीच्या दवाखान्यात न्यायला सकाळी सहाची गाडी सांगून ठेवली होती. मधली रात्र तेवढी काढायची होती.

लिलाधर विळा घेऊन सायकलनं निघाला. त्याच्या लहानपणी पाळीखाली बोरीच बोरी होत्या. कोल्हे रात्री बोरं खात आणि जिथं बसून जात तिथं पुढच्या पावसात नवी बोर उगवे. मग कधीतरी मशीन लावून ती जमीन सपाट झाली. कोल्हे गेले. उघड्या मातीत रायमुनिया, म्हणजे घाणेरी, शिरली. तिची काळी फळं पाखरं खातात आणि बी रानभर टाकतात. तिच्याखाली गवतसुद्धा धड येत नाही. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, पण चुकून वर आलेला बोरीचा कोंब बोटभर असतानाच खुडतात. पाण्याच्या कडेला सगळी बेशरम माजलेली. हिरवळ म्हणाल तर डोळ्यांत मावणार नाही एवढी, पण दारात ठेवायला एक काटी नाही.

त्यानं पाळीचं एक टोक पालथं घातलं, मग दुसरं. साडेपाचला दिवस बुडाला. रिकाम्या हातानं परतायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

आणि सांडव्याच्या अंगाला, रायमुनियाच्या दाटीत, त्याला बोर दिसली.

उभी नव्हती. तोडलेली, वाळलेली, रचून ठेवलेली. खाटेएवढा लांब ढीग. कडेकडेनं दगड दाबलेले. त्याला वाटलं, कोणीतरी शेताभोवतीच्या कुपाटीसाठी काट्या साठवल्या असतील. एक फांदी नेली तर काय जातं? उद्या विचारून घेऊ.

त्यानं वरची फांदी धरली. काट्यात काटा गुंतलेला, ती येईना. पाय रोवून ओढली तेव्हा निघाली. ढिगाच्या मधोमध ताटलीएवढं भोक पडलं. आत अंधार होता. लिलाधरनं वाकून पाहिलं नाही. उशीर झाला होता.

फांदी सायकलच्या कॅरिअरला बांधून तो निघाला. गावाकडचा रस्ता मुरमाचा. मागून आवाज येऊ लागला... खर्र... खर्र... शेंडा जमिनीला घासत असेल म्हणून तो उतरला, फांदी वर उचलून पुन्हा आवळली. आता शेंडा वीतभर वर होता. हात फिरवून त्यानं खात्री केली.

तो निघाला.

खर्र... खर्र...

त्यानं ब्रेक दाबला. सायकल थांबली. आवाज थांबला, पण लगेच नाही. आणखी दोन पावलं पुढं येऊन थांबला.

लिलाधरनं मागं वळून पाहिलं नाही. घर येईपर्यंत पायडल मारत राहिला.

घरी मालनबाई आली होती. डिंपलला आणि बाळाला तेल लावायला तीच येई. तोंडाची फटकळ, हाताची मऊ.

“काहून गा लिलाधर, बोर पेरून, वाढवून आनली का?” ती म्हणाली. मग तिनं फांदी उजेडात धरली. “वाळली हाये वो हे. कोनाच्या हातची तोडलेली?”

“सांडव्यापाशी पडली होती.”

शकुननं फांदी घेतली आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवी टाकली. त्याच क्षणी आत बाळ रडायचं थांबलं.

“पाहा!” शकुन म्हणाली. “पाहा, काटीचा गुन.”

मालनबाई आत गेली. बाळ झोपलं नव्हतं. टक्क जागं होतं. मान वळवून दाराकडे पाहत होतं.

साडेआठला शेळ्या गोठ्याच्या एका कोपऱ्यात दाटल्या. कुत्रं भुंकलं नाही, उठून दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसलं. आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून काहीतरी ओढत गेल्यासारखा आवाज आला. खर्र... मग डाव्या भिंतीला... मग पुन्हा मागं.

“डुक्कर असन,” लिलाधर म्हणाला.

शकुननं उंबऱ्यावरची फांदी पुन्हा नीट आडवी केली.

नऊच्या सुमाराला देवाजी खळ्यावर धानाच्या राखणीला चालले होते. बाळाची खबर घ्यायला ते दारात थांबले. उंबऱ्यावरची फांदी त्यांनी पाहिली. बराच वेळ पाहिली.

“लिलाधर... काटी कुठून आनली?”

“सांडव्यापाशी ढीग होता, भाऊ.”

देवाजींनी दाराची चौकट धरली.

इथं सांगता सांगता देवाजी थांबले. तलावावर एक मासोळी उसळली आणि पाणी पुन्हा गप्प झालं.

“त्या उन्हाळ्यात मेंढरं घेऊन एक कुटुंब सांडव्यापाशी उतरलं होतं,” ते म्हणाले. “त्याइची सून तिथंच बाळंत झाली अन् तिथंच गेली. लेकरू जगलं. रात्री तिले पुरलं. गावात कळलं तर पुरू देनार नाहीत, म्हनून लपून. मेंढरांच्या वाड्याच्या काट्या वरतून रचल्या, अन् पहाटे लेकरू घेऊन निंगून गेले. फावडं माझं होतं. मीनं कोनाले सांगतलं नाही.”

“काटे कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ना, आबाजी?” नीतूनं विचारलं.

“कोल्हे तर केव्हाचेच गेले होते, पोरी.”

प्रविणनं मांडीवरची वही बंद केली.

तर त्या रात्री देवाजींनी हे सगळं उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. शकुन ऐकत होती. मग ती फांदीवर वाकून उभी राहिली, जणू कोणी ती हिसकावून नेणार होतं.

“ठेवून ये,” देवाजी म्हणाले. “आत्ता. जिथली तिथं.”

“अन् माह्यं दार?” शकुन कडाडली. “काटी काढली का दार उघडं पडते. मागच्या पोरीच्या वेळी उघडंच होतं!”

“त्या बाईचं दार लिलाधरनं उघडलं ना, शकुन.”

लिलाधर दोघांकडे पाहत राहिला. काटी ठेवावी तर ती बाई याच काटीमागं आली आहे. काटी न्यावी तर पाचवीच्या रात्री नातवाचं दार मोकळं. आतून डिंपलचा आवाज आला, बारीक, थकलेला, “बाबा, याचे हात गार पडून राहिले...”

त्यानं फांदी उचलली.

शकुननं पदर खोचला आणि जिथं फांदी होती तिथं, उंबऱ्याला लागून, स्वतः आडवी झाली.

“जा,” ती म्हणाली. “मीच काटी.”

सव्वादहा झाले होते. चंद्र नुकताच वर आला होता, तांबडा, एका बाजूनं झिजलेला. देवाजी पाळीपर्यंत सोबत आले. पुढं त्यांचे पाय उचलेनात. हे ते आजही लपवत नाहीत.

लिलाधर एकटा उतरला. फांदी त्यानं छातीशी धरली होती. काटे सदऱ्यातून आत रुतत होते. कसला आवाज नव्हता. मागं नाही, पुढं नाही. येताना जे पाठीशी होतं ते जाताना नव्हतं. त्याला हायसं वाटलं.

मग वाटलं... का नाही?

रायमुनियाच्या फांद्या बाजूला सारून तो ढिगापाशी आला. बॅटरी लावली.

भोक ताटलीएवढं नव्हतं.

ढिगाच्या डोक्याकडून पायापर्यंत काट्या दोन्हीकडे सरल्या होत्या. दगड बाहेरच्या अंगाला लोटलेले. मधली माती खचलेली. खोल.

हातातली फांदी त्यानं त्यावर ठेवली. ती आत गेली. खाली कुठंतरी टेकली.

आता त्याला कळलं. त्यानं दार लावलं होतं... रिकाम्या घराचं.

तो पळाला. देवाजींनी हाक मारली, तो थांबला नाही. चप्पल गेली. मुरूम तळव्यात शिरला. गाव लांब होतं. तेवढं लांब कधीच नव्हतं.

घर. अंगण. दिवा चालू.

शकुन उंबऱ्यावर तशीच आडवी. डोळे उघडे.

“कोनी आलं?”

तिनं मान हलवली. नाही.

“झोपली होतीस?”

“नाही.” ती कुजबुजली. “पापनी पाडली नाही. फक्त... अंगावरून कोनी पाय उचलून गेल्यासारखं वाटलं. ओल्या मातीचा वास आला.”

“आत गेलं का बाहेर?”

शकुननं आधी खोलीकडे, मग अंगणाकडे पाहिलं.

“दोन्ही डाव.”

लिलाधर तिला ओलांडून आत गेला. मालनबाई भिंतीला टेकून बसली होती, हात जोडलेले, ओठ हलत होते. डिंपल भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. शेळीच्या दुधाची वाटी घासून पालथी घातलेली.

बाळ मधोमध. हलत नव्हतं.

तो गुडघ्यावर बसला. हात पुढं करायची त्याची हिंमत होईना. मालनबाईनंच वाकून बाळाच्या नाकाशी बोट धरलं.

श्वास चालू होता. संथ. पोट तट्ट भरलेलं. असं भरल्या पोटाचं लेकरू झोपतं तसं ते झोपलं होतं, मुठी सैल सोडून.

“डिंपलनं पाजलं?”

“तू गेला तवापासून झोपली हाये ते. मी हलली नाही इथून.”

बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब होता. मालनबाईनं तो अंगठ्यानं पुसला... आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला.

“काय झालं?” लिलाधरनं विचारलं.

तिनं अंगठा त्याच्यापुढं धरला. त्यानं बोट लावून पाहिलं.

थेंब गार होता. विहिरीच्या तळासारखा गार.