समजूतदार माणसांची रांग

साताऱ्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून, घरगाड्यांच्या दुरुस्तीचं एक मोठं आवार होतं. कंपनीच्या फलकावर त्याला 'सेवाकेंद्र' म्हटलं होतं. तिथे अडकलेली माणसं त्याला 'वसाहत' म्हणत, आणि तेच नाव खरं होतं. दोन गाड्यांच्या मध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले असत. पायरीपाशी कुंड्या होत्या, आणि नवरात्रात तर इथे रीतसर भोंडलाही झाला होता. गेल्या काही वर्षांत निवृत्त माणसांमध्ये आतच राहून फिरता येईल अशी घरगाडी घेण्याची लाट आली होती. गाड्या उदंड झाल्या, दुरुस्त करणारे हात मात्र होते तेवढेच राहिले. आपली गाडी कधी मिळेल, असं आता कुणी विचारत नसे. विचारलंच तर 'पार्ट यायचाय' एवढं उत्तर मिळे.

प्राध्यापक मुकुंद तगारे यांची गाडी कुंपणाच्या कडेला उभी होती. मुक्कामाला गाडी डगमगू नये म्हणून तिला चार कोपऱ्यांत चार जॅक असतात आणि निघताना ते वर उचलले जातात. तगाऱ्यांच्या गाडीचा मागचा एक जॅक वर जाईना, आणि तो खाली असेपर्यंत गाडीचा संगणक चाकं फिरू देईना. एवढीशी गोष्ट. पहिल्याच मुक्कामावर हे झालं आणि गाडी उचलून इथे आणली गेली. तेव्हा ओढे भरून वाहत होते. आता कुंपणापलीकडच्या रानात ज्वारी उगवून वर आली होती.

तगाऱ्यांच्या पत्नी वासंतीबाई मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवीत. अमरकंटकच्या डोंगरातून नर्मदा पश्चिमेला जाते आणि शोण दुसऱ्या बाजूने उतरतो, हे त्यांनी जन्मभर फळ्यावर काढून दाखवलं होतं. पाहिलं मात्र नव्हतं. पुढे मूत्रपिंडं गेली आणि दिवसाआड रक्तशुद्धी करणं आलं, तेव्हा ते पाहणं राहूनच गेलं. तगाऱ्यांनी मग गाडीतच रक्तशुद्धियंत्र बसवून घेतलं. निघायच्या आधी डॉक्टर शिरगुप्पे यांनी त्यांना बाजूला घेतलं होतं.

"हृदय दमलंय, सर. काय दाखवायचं ते दिवाळीच्या आत दाखवून आणा. पुढे प्रवास झेपायचा नाही. आणि पुढे म्हणजे... फार पुढे नाही."

तगारे बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "सगळं छान आहे म्हणाले. हवापालट करा म्हणाले."

"मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून वासंतीबाई हसल्या होत्या. त्या हसण्यावर तगारे आजवर तगून होते.

सेवाकेंद्राचा व्यवस्थापक इरफान मुलाणी स्वभावाने चांगला होता, हीच मोठी पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं. पहिल्या दिवशी तो अजिजीने म्हणाला, "सर, जरा थांबावं लागंल बघा." त्यावर तगारे सवयीने म्हणाले, "काही घाई नाही, सावकाश होऊ द्या." घाई तर होती, पण आल्या आल्या समोरच्याला अडचणीत कसं टाकायचं? वासंतीबाईंनी तर पुढच्याच आठवड्यात कारागिरांना थालीपीठं खाऊ घातली. तगाऱ्यांच्या मागून आलेल्या गाड्या दुरुस्त होऊन निघून जात. निघणाऱ्यांना वासंतीबाई हात हलवून निरोप देत आणि आत येऊन म्हणत, "त्यांना लवकर जायचं असेल हो."

एकदा तगारेही चिडले. म्हणजे चिडायचं ठरवून गेले. इरफानच्या टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला. इरफानने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, "सर, तुमी आणि मी ओरडून काय उपेग न्हाई. नंबर मी लावत न्हाई, ते क्रमयंत्र लावतंय. वरनं येतंय सगळं."

क्रमयंत्र हा शब्द ऐकून तगारे थबकले. रांगशास्त्र हा त्यांचा विषय. माणसं, वाहनं, संदेश, काहीही रांगेत उभं राहिलं की त्याचं गणित कसं मांडायचं, हे त्यांनी विद्यापीठात तीस वर्षं शिकवलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की या क्रमयंत्राची रचना ऋजुता हसबनीस नावाच्या बाईंनी केली आहे. ऋजुता त्यांची विद्यार्थिनी. तगाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं, आणि सर बोलावतात म्हटल्यावर ती आली.

वासंतीबाईंची रक्तशुद्धी चालली होती, म्हणून दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसले.

"सर, कंपनीची मागणी साधी होती," ऋजुता म्हणाली. "कारागीर थोडे, गाड्या फार. सगळ्यांना वेळेत सेवा देणं शक्यच नाही. मग निदान एकूण त्रास कमीत कमी व्हावा. भांडणं, तक्रारी, कोर्टकज्जे होऊ नयेत."

"मग त्रास मोजता कसा?"

"घरगाडीत संवेदक असतातच. गादीत नाडी मोजणारे, छताला आवाज टिपणारे. तब्येतीसाठी बसवलेले. त्यांच्यावरून आम्ही प्रत्येकाचा धीरांक काढतो. हा माणूस अजून किती थांबू शकेल, याचा अंदाज. ज्याचा धीर आधी संपणार, त्याची गाडी आधी."

"म्हणजे जो थांबू शकतो त्याने थांबायचं."

"गणिताने तेच बरोबर येतं, सर."

"गणिताने बरोबरच आहे," तगारे थकून म्हणाले. "पण नवी गाडी रोज येणार. रोज कुणीतरी आमच्यापेक्षा उतावळा असणारच. मग आमचा नंबर कधी?"

ऋजुताने हातातल्या पडद्यावर दोघांची नोंद उघडली.

"याला आपण वर्गात काय म्हणत होतो?"

"रांगेतली उपासमार." तिने मान खाली घातली. "मी वरची मर्यादा घातली होती, सर. ठरावीक काळ झाला की धीर कितीही असो, नंबर लावायचा. कंपनीने ती काढून टाकली. थांबलेली माणसं तक्रार करीत नाहीत, मग त्यांच्यासाठी नियम कशाला, म्हणाले."

"डॉक्टरांचा दाखला आणला तर?"

"सुरुवातीला घेत होते. मग निम्मं आवार हृदयरोगी निघालं. आता दाखला चालत नाही, मधे कुणाला हात घालता येत नाही, मलासुद्धा नाही. आणि नाटकही चालत नाही. तुम्ही टेबलावर मूठ आपटलीत ना, तेव्हा तुमची नाडी जराही वाढली नव्हती. मनगटावरच्या घड्याळातून तीही नोंद होते."

तिने आपल्या हातातला पडदा त्यांच्यापुढे धरला. दोन रेघा होत्या. वरची वासंतीबाईंची, जवळजवळ सरळ. "पूर्ण आवारात बाईंइतका धीरांक कुणाचा नाही. मी आजवर असा पाहिलेला नाही." खालची रेघ तगाऱ्यांची, जरा वरखाली होणारी. "आणि तुमची बघा, सर. एकटे असता तेव्हा घसरायला लागते. बाई आतून हसल्या, की पुन्हा वर. दोघांतला ज्याचा धीर कमी, त्याच्यावर नंबर ठरतो. पण तुमचा बाईंवर टेकलेला आहे, म्हणून तोही पडत नाही."

तगाऱ्यांनी त्या रेघांकडे पाहिलं आणि त्यांना फार एकटं वाटलं. बायकोच्या जिवाशी आपण खेळतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं. ती सुखात होती, कारण तिला माहीत नव्हतं. तिला माहीत नव्हतं, म्हणून तिच्यापाशी वेळ होता. आणि तिच्यापाशी वेळ आहे असं यंत्राला वाटतं, म्हणून तो वाया चालला होता.

"तिला खरं सांगितलं तर पडेल?" त्यांनी विचारलं आणि डॉक्टरांचं बोलणं ऋजुताला सांगितलं.

ऋजुताचे डोळे भरले. "पडायला हवा, सर. आपल्या हातात दिवस थोडे आहेत हे कळल्यावर कुणाचा धीर राहील? रेघ एकदम खाली येईल आणि तुमचा नंबर त्याच दिवशी लागेल. पण..."

"पण काय ते मला कळतं," तगारे म्हणाले.

तिने त्या रेघा त्यांच्या फोनवर दिसतील अशी सोय करून दिली आणि वाकून नमस्कार करून ती गेली.

पुढचे काही दिवस तगारे नुसते येरझारा घालत होते. सांगू की नको? अमरकंटकसाठी तिची शांती मोडायची, की शांतीसाठी अमरकंटक सोडायचं? दुसऱ्या गाडीने न्यावं तर यंत्राशिवाय ती दोन दिवस काढू शकत नव्हती. आवारात कुणीतरी चकल्यांची भाजणी भाजायला घेतली आणि तो खमंग वास गाडीत आला, तेव्हा तगाऱ्यांच्या येरझारा थांबल्या. दिवाळी दाराशी आली होती.

त्या दुपारी वासंतीबाई गादीवर पडून नकाशा बघत होत्या. तगारे त्यांच्या पायाशी बसले. फोन मांडीवर पालथा ठेवला.

"वासंती, ऐक. मी तुझ्याशी खोटं बोललो."

त्यांनी सगळं सांगितलं. क्रमयंत्र, धीरांक, समजूतदार माणसांचा नंबर का लागत नाही, तेही. आणि मग डॉक्टर खरंच काय म्हणाले, ते. शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून धड निघेना, तरी ते त्यांनी पुरं केलं. मग भीतभीत फोन सुलटा केला.

वरची रेघ जशीच्या तशी होती. केसभरही खाली आली नव्हती.

यंत्र बिघडलंय, असं तगाऱ्यांना आधी वाटलं. त्यांनी फोन झटकला, बंद करून पुन्हा चालू केला. रेघ तीच. मग त्यांनी वर पाहिलं. वासंतीबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीला उशिरा उत्तर सुचल्यावर तिच्याकडे बघावं तसं.

"तुला... माहीत होतं?"

"अहो, ते डॉक्टर माझे. दुखणं माझं. मी नाही विचारणार होय?" वासंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या आधीच मी शिरगुप्प्यांना गाठलं होतं. सगळं समजून घेतलं. मग त्यांना म्हटलं, ह्यांनाही खरं सांगा, पण मला माहीत आहे एवढं बोलू नका. मला कळलंय असं कळलं तर ह्यांचे हातपाय गळतील, म्हटलं. गाडी कोण चालवणार?"

"सगळा वेळ? इथे आल्यापासून? थालीपीठं लावतानाही?"

"मग काय, रडत बसायचं होतं? जे आहे ते आहे. मी हसले की तुम्ही बरे असता, ते दिसत नव्हतं का मला?"

इतके महिने आपण तिला सांभाळतो आहोत असं तगारे समजत होते. ती रोज मरणाकडे बघून वळायची आणि ह्यांच्यासाठी हसायची, एकटी. तो विचार त्यांना सहन झाला नाही. त्यांनी बायकोच्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखे ते हमसून रडू लागले. वडील गेले तेव्हाही ते असे रडले नव्हते.

वासंतीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पांघरुणावर पडलेल्या फोनकडे त्यांचं सहज लक्ष गेलं. वरची रेघ सरळच होती. खालची मात्र कडेलोट व्हावा तशी कोसळली होती आणि पडद्याच्या तळाशी जाऊन टेकली होती.

दारावर थापा पडल्या. बाहेर इरफान धापा टाकत उभा होता, मागे ट्रॅक्टर सुरूच होता.

"काकू, नंबर लागला! एकदम वरचा, सगळ्यांच्या आधी! सर कुटं हायत? त्यास्नी काय झालं?"

"काही नाही, आनंद झालाय," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही न्या गाडी."

ट्रॅक्टरने मागची बाजू उचलून गाडी शेडमध्ये नेली. कारागिराने मागचा जॅक खोलला, आतलं रबरी सील काढलं, फळीवरच्या खोक्यातून नवं घेऊन बसवलं. सील तिथे कधीपासूनच होतं. पार्ट यायचा नव्हताच, नंबर यायचा होता. जॅक कुरकुर न करता वर गेला आणि गाडीचा हिरवा दिवा लागला. शेडमधल्या कारागिरांचा चहाही अजून संपला नव्हता.

तगारे चालकाच्या जागी बसले. डोळे सुजले होते, हुंदका अजून पुरता थांबला नव्हता. वासंतीबाईंनी शेजारी उशी ठेवून बैठक जमवली, पट्टा लावला आणि पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं.

"एवढंच रडायचं होतं, तर श्रावणात रडायचं होतंत हो," त्या म्हणाल्या. "एव्हाना जाऊन आलो असतो."