एका घरात दोन तारा

बेलच्या बटणावर दोन बोटं एकदम पडली, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझी बेल साधीसुधी नाही. ती वाजली की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची कवळी पेल्यात नाचते. मी स्वतः पाहिलंय. दार उघडलं तर बाहेर एक मुलगी, खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब… आणि एक मुलगा, गळ्यात वायरचं हे एवढं वेटोळं, जणू अजगर पाळलाय. दोघांची बोटं अजून बटणावरच.

"मी आधी दाबली," मुलगी म्हणाली.

"पण वाजली माझ्यामुळे," मुलगा म्हणाला.

ती टेलिफोन कंपनीची, तो केबलवाला. दोघांना एकाच वेळी कुणी बोलावलं? अगं बाई, माझं वय झालं, वेळा लक्षात राहत नाहीत… असं मी त्यांना सांगितलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं.

मला इंटरनेट हवं होतं ते गेमसाठी. हसू नका. माझी नात लांब राहते, इतकी लांब की इथे दिवे लागतात तेव्हा ती तिथे दात घासत असते. फोनवर आमचं बोलणं म्हणजे कशी आहेस, बरी आहे, जेवलीस का, जेवले… संपलं. चहाला उकळी फुटायच्या आत. मग तिनं मला एक गेम शिकवला. डुगडुगत्या पुलावरून पळायचं, पायाखालच्या फळ्या निखळत जातात, एकानं दुसऱ्याला हात देऊन ओढायचं. ते खेळताना ती भडाभडा बोलायची. ऑफिसातल्या कटकटी, कुणाशी बिनसलं, काल रडू का आलं… सगळं. पळता पळता माणूस खरं बोलतो बघा.

पण मी होते शेजाऱ्यांच्या वाय-फायवर. भिंतीतून झिरपेल तेवढं. नात "उडी!" म्हणून ओरडायची, आणि माझी पुलावरची बाई उडी मारेपर्यंत नात पलीकडे आणि मी दरीत. शेवटी एकदा ती म्हणाली, "आजी, तू फार अडकतेस गं. जाऊ दे, आपण नुसतं बोलत जाऊया."

नुसतं बोलणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. गेम गेला की नात गेली.

"आमचं डीएसएल टेलिफोनच्याच तारेतून येतं," ती मुलगी भिंतीशी गुडघ्यावर बसून सांगत होती. "एक्स्चेंजपासून थेट तुमच्या घरात. तार रोडकी आहे, पण एकट्या तुमची. मध्ये वाटेकरी नाही."

"म्हणूनच गोगलगायीसारखी," मुलगा म्हणाला. "आजी, केबल म्हणजे हमरस्ता. सुसाट!"

"आणि संध्याकाळी अख्खी बिल्डिंग त्याच हमरस्त्यावर उतरते, ते कोण सांगणार?"

"गर्दीत कुणी भेटतं तरी. तुमच्या वाटेवर आपलं एकट्यानंच चालायचं."

"मला चालतं एकटं," ती म्हणाली. पण म्हणताना तिच्या हातातला स्क्रू निसटला. तो शोधायला दोघं एकदम वाकले आणि डोक्यावर डोकं असं आदळलं की माझ्या भिंतीवरचं थांबलेलं घड्याळ चालू झालं. ते आजही बरोबर वेळ दाखवतं, या बघायला.

मी म्हटलं, "दोन्ही लावा." दोन्ही कंपन्यांची महिनाभर फुकट चाचणी होती. महिना संपला की एक ठेवायची, एक काढायची.

दोघं गेले आणि घर होतं तसं झालं. आमचे हे गेल्यापासून या घरात बोलतो तो फक्त फ्रिज. टेलिफोन मी अधूनमधून उचलून बघायचे, जिवंत आहे ना. त्या दिवशी टेबलावर तीन कप होते. मी ते लगेच विसळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझी डीएसएलची लाईन गेली.

आता, लाईन कशी जाते ते ऐका. टेलिफोन आणि भिंत यांच्यामध्ये एक पांढरी डबी असते, काडेपेटीएवढी. तिला फिल्टर म्हणतात. ती काढली की टेलिफोन आणि इंटरनेट एकमेकांच्या झिंज्या उपटतात. ती डबी माझ्या बटणांच्या डब्यात कशी गेली, देव जाणे. आणि नेमकी त्याच दिवशी केबलची वायरही मोडेममागे ढिली झाली, त्याला मी काय करू?

"काय झालं आजी?" मुलीनं विचारलं.

"घुबड आलं होतं गं खिडकीतून. तार कुरतडली मेल्यानं."

"घुबडं तारा खात नाहीत."

"हे म्हातारं होतं. चावता येईना, म्हणून नुसती चोखली."

केबलवाल्यानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. "आणि माझी वायर?"

"तुझी ना… समोरचा पहिलवान शिंकला."

अशी घुबडं त्या महिन्यात पुष्कळ आली. पहिलवानाला तर पडसंच झालं. दोघं यायचे, कधी ती आधी, कधी तो, पण आधी येणारा जिन्यात रेंगाळायचा, हे मी दाराच्या भोकातून बघायचे. ती कपाटामागे शिरली की तो टॉर्च धरायचा. उजेड तारेवर कमी आणि तिच्या कानामागच्या बटेवर जास्त. तो स्टुलावर चढला की ती स्टूल धरायची, ज्याचे चारही पाय धडधाकट होते.

मी स्वयंपाकघरात साखर शोधत बसायचे. साखर समोरच असायची.

"स्वतःच्या घरी कोणतं कनेक्शन आहे तुझ्या?" तिनं एकदा विचारलं.

"काहीच नाही. टीव्ही पण नाही."

"केबलवाल्याच्या घरी केबल नाही?"

"दिवसभर लोकांच्या घरी लावतो. सोफ्यावर सगळे एकमेकांना खेटून बसलेले असतात… मग खोलीवर जाऊन एकट्यासाठी काय लावायची?"

तिची पक्कड चालत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "मी दिवसभर लोकांचे फोन सुरू करून देते. लाईन तपासायला माझ्याच नंबरवर रिंग देते. मोबाईलवर येणारे फोन… तेवढेच."

मी वाकून पाहिलं तर ती कापलेल्या तांब्याच्या तारेचा तुकडा बोटांत वळत होती. वळता वळता त्याचा एक मासा झाला, नखाएवढा. तिनं तो खिडकीत ठेवला आणि पिशवी भरायला वळली. पुन्हा पाहिलं तेव्हा खिडकीत मासा नव्हता, आणि केबलवाला शर्टाच्या खिशाचं बटण लावत होता.

महिना संपत आला, तसा तो एक दिवस एकटाच आला. उभ्या उभ्या म्हणाला, "आजी, डीएसएलच ठेवा."

"अरे, तू केबलचा ना?"

"तिच्या एक्स्चेंजची गिऱ्हाइकं गळताहेत. अशीच गळाली तर तिची बदली लांब कुठेतरी होणार. ती सांगणार नाही तुम्हाला." मग जिभेवर काही आल्यासारखं झालं, पण ते गिळून तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी ती आली. "आजी, खरं सांगू? केबल घ्या. त्याला अजून कायम केलेलं नाही. जोडण्या कमी पडल्या तर काढतील. त्याला सांगू नका हं, मी बोलले ते."

मी आयुष्यात बाजार पुष्कळ पाहिलाय, पण दुसऱ्याचा माल विकणारे दुकानदार पहिल्यांदाच पाहिले! हसू आलं, आणि मग आलं नाही. एक तार निवडली की दुसरी निघणार. ती निघाली की दोघांना एकत्र यायला निमित्त उरणार नाही, आणि हे दोघं निमित्ताशिवाय एक पाऊल टाकणाऱ्यातले नव्हते. आणि माझ्या टेबलावर पुन्हा एक कप.

"रविवारी या," मी दोघांना सांगितलं. "खेळून ठरवा. एक डीएसएलवर, एक केबलवर. पुलाच्या दोन टोकांवरून पळायचं, मधला झेंडा जो आधी उपटेल त्याची तार राहील."

रविवारी दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले, समोरासमोर, मध्ये दोन स्क्रीनच्या भिंती. तिनं निळा ओढणीवाला ड्रेस घातला होता. त्याच्या शर्टाला इस्त्री होती, फक्त पुढच्या बाजूला. मी एक, दोन, तीन म्हटलं.

काय पळाली पोरं! फळ्या पडताहेत, दोरखंड झोके खाताहेत… त्याची पुलावरची आकृती उजवीकडून, तिची डावीकडून. झेंडा दोन फळ्यांवर आला, एका फळीवर आला…

आणि दोघंही थांबले. तिची आकृती एक पाय उचलून गोठली. त्याची हात पुढे करून गोठली. झेंडा मध्ये आपला फडफडतोय.

"लाईन गेली," ती म्हणाली.

"माझी पण," तो म्हणाला.

मी टेबलाखाली वाकले. तिच्या चपलेशी टेलिफोनची तार, फिल्टर काढून बाजूला ठेवलेला, आणि स्टुलावरच्या टेलिफोनचा रिसीव्हर अलगद उचलून तिरका ठेवलेला. तिकडे मोडेममागची वायर ढिली, आणि केबलवाल्याचा अंगठा अजून तिथेच.

"अरे लबाडांनो! ही माझी विद्या!"

"तुमचीच," मुलगी म्हणाली. ती लाल झाली होती. "फिल्टर बटणांच्या डब्यात असतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आजी. डबा बंद करताना खुळखुळला होता."

"आणि माझ्या वायरच्या टोकाला दरवेळी साखर असायची," तो म्हणाला. "चहा करता करता ढिली करत होतात ना? मुंग्या लागल्यात मोडेमला."

"मग येत कशाला होतात रे, माहीत होतं तर?"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. त्यानं खिशाचं बटण काढलं आणि तांब्याचा मासा दोन स्क्रीनच्या मधल्या फटीत ठेवला.

"तू का हरत होतास?" तिनं माशाकडे बघत विचारलं.

"तू जाऊ नयेस म्हणून. तू?"

"तू राहावास म्हणून…" तिनं बोट पुढे केलं, माशावर ठेवलं. त्याचंही बोट तिथेच आलं. बेलच्या बटणावर होतं तसंच. फक्त या वेळी कुणी भांडलं नाही.

मी साखर शोधायला गेले. खरंच दिसेना, डोळ्यांत पाणी असलं की डबेसुद्धा लपतात.

मी डीएसएल ठेवलं. त्यांच्यासाठी नव्हे हो. नातीची आणि माझी वेळ संध्याकाळची, आणि संध्याकाळी केबल बिल्डिंगभर वाटली जाते. पळायला सुसाट नाही, एकसारखं लागतं. त्या रोडक्या तारेवर माझी बाई नातीच्या बरोबरीनं उडी मारायला लागली. "आजी, आता अडकत नाहीस!" नात म्हणाली, आणि पुढे तासभर बोलत राहिली.

पण एका म्हातारीच्या कनेक्शननं एक्स्चेंज वाचत नसतं. मुलीची बदली झालीच, दूरच्या शहरात. केबलवाल्यानं कायम व्हायची वाट पाहिली नाही. माझ्या घरची वायर त्यानं स्वतः गुंडाळली, अजगर गळ्यात घातला, मला वाकून नमस्कार केला आणि तिच्यामागे गेला. लग्न केलं त्यांनी. सुरुवातीला फोन यायचे. मग कमी झाले. नवा संसार, नव्या नोकऱ्या… आपण कशाला मध्ये मध्ये करायचं?

नात रविवारची. बाकीचे वार फ्रिजचे. दोन कप मी पालथे घालून ठेवले, आणि रोज पुसत राहिले.

एका संध्याकाळी राहवलं नाही. फिल्टर काढला, बटणांच्या डब्यात टाकला आणि तक्रारीचा नंबर फिरवला. कुणीतरी अनोळखी येईल, येऊ दे. चहा तर पिईल! रिंग वाजत होती आणि मी मनात जुळवत होते… या वेळी घुबड नको, या वेळी उंट आणावा.

"नमस्कार, तक्रार विभाग. काय अडचण आहे?"

"अहो, लाईन गेलीय. खिडकीतून एक उंट…"

पलीकडे कुणीतरी ओठ घट्ट दाबून धरल्यासारखा आवाज.

"आजी," ती म्हणाली, "बटणांचा डबा उघडा."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! तुम्हीच विचार करा.

"बदली करून मला या तक्रारींच्या फोनवर बसवलंय. मी सातला सुटते," ती हळू आवाजात म्हणाली, कुणी ऐकू नये असं. "आणि… त्यानं घरी कनेक्शन घेतलंय. डीएसएल! मी पुलावर येते, तो पण येईल. फिल्टर लावून ठेवा. आणि आजी…"

"काय गं?"

"उंट कसा आला, ते तिथे सांगा. पळता पळता."

मी डबा उघडला. फिल्टर लावला. आणि कप तीन घेतले. दोन रिकामे राहणार होते, पण घेतले.