लाईटच्या पुढे काय येतं

यशोधरा मला पहिल्यांदा दिसली ती तक्रारीच्या रांगेत. २००६चा उन्हाळा होता. बदलापूरच्या आमच्या फ्यूज कॉल ऑफिसच्या खिडकीबाहेर माणसं घामाघूम होऊन उभी होती, आत मी आणि कैलास. टेबलावरचा फोन थांबत नव्हता. तेव्हा लोडशेडिंग असायचं. लाईट ठरलेल्या वेळी जायची, आणि ठरलेल्या वेळी आली नाही की लोक आमच्याकडे यायचे. आम्ही दोघं वायरमन. लाईट आमच्या खिशात असते, असंच लोकांना वाटायचं.

तिची पाळी आली. निळा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी. मी वर न बघता विचारलं, "एरिया?"

"उल्हासनगर, कॅम्प चार."

"मग इथे कशाला आलात? तुमचं ऑफिस तिकडे."

"माझी तक्रार नाही. मावशीकडे आले होते, इथून चालले होते... मी इथे थोडा वेळ उभी राहू का?"

"कशाला?"

"ऐकायला."

कैलासने हातातला पाना खाली ठेवला. "पेपरवाल्या आहात काय मॅडम?"

"नाही हो. मी एम.ए. करते, भाषाविज्ञानात. लाईट हा इंग्रजी शब्द आपण घेतला, पण त्याच्या पुढे लोक कुठले शब्द लावतात, ते मला बघायचंय. लाईट जाते, लाईट येते, एवढंच मला माहीत होतं. मगाशी माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या, लाईट सोडा. पाणी सोडतात हे मी ऐकलंय. लाईट कशी सोडतात?"

"नळासारखी," मी म्हणालो. चिडूनच म्हणालो होतो.

ती मात्र विचारात पडली. "म्हणजे वर कुठेतरी ती साठवलेली आहे आणि तुम्ही ती अडवून ठेवलीय, असं त्यांना वाटतं?"

इतकी वर्षं मी शिव्या खात होतो, पण लोकांना नक्की काय वाटतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिला आत बोलावलं आणि भिंतीजवळच्या बाकावर बसायला सांगितलं.

यशोधरा आता नाही. मागच्या वर्षी आजारपणात गेली. तुम्ही दोघं भेटलात कसे, असं मुलीनं परवा विचारलं, म्हणून हे लिहितो आहे.

ती पुन्हा आली. मग येतच राहिली, कॉलेज नसेल त्या दिवशी दुपारी. तिची एक अट होती. कोणाला विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो आणि पुस्तकातलं बोलतो. आपण ऐकतोय हे त्याला कळता कामा नये, तरच वाक्य खरं. म्हणून ती बाकावर बसून मासिक वाचल्यासारखं करायची आणि कान खिडकीकडे.

आणि लोक काय-काय बोलायचे. गावातले एक आजोबा यायचे, त्यांच्याकडे अर्धी लाईट असायची. "पंखा फिरतोय, पण बसलेल्या माशीला कळत नाही," म्हणायचे. एका बाईंची लाईट उड्या मारायची. कोणाची नाचायची, कोणाची मेलेली असायची. स्टेशनजवळचे कपडेवाले मुकेशशेठ फोनवर ओरडायचे, "अरे भाई, मेरी लाईट कौन खा गया?" तिला हसू आवरायचं नाही. मासिक तोंडासमोर धरून ती खांदे हलवत बसायची, आणि मी फोनवर गंभीर आवाजात सांगायचो, "शेठ, बघतो मी."

"बघा ना," एकदा ती म्हणाली, "शब्द एकच. पण प्रत्येकाच्या घरात तो वेगळा वागतो. कुठे पाणी आहे, कुठे माणूस, कुठे खायची वस्तू."

"आणि तुमच्या घरात?"

"आमच्याकडे बाबा म्हणतात, लाईट पळाली. जसं काही ती घरातलं काही घेऊन पळालीय."

मी पण ऐकायला लागलो. खांबावर चढलो की खालच्या लोकांचं बोलणं ऐकायचो. भाजी घेताना, केस कापताना ऐकायचो. आणि दुपारी ती आली की सांगायचो. ती विचारायची, "कोण म्हणालं? कशावरून म्हणालं? मग पुढे काय म्हणाले?" इतक्या बारकाईनं माझं बोलणं आजपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं. मी बारावी, मग आयटीआय. माझ्याकडे विचारण्यासारखं काही आहे, हे मला माहीतच नव्हतं.

पण एक गंमत झाली. तिच्यासमोर मला स्वतःला तो शब्दच बोलता येईना. तोंड उघडलं की वाटायचं, आता हिच्या कानात जाणार. एकदा फोन आला, ती बाकावर होती, आणि मी म्हणालो, "आपल्या भागातील विद्युत पुरवठा लवकरच पूर्ववत होईल."

पलीकडच्या माणसानं रॉंग नंबर समजून फोन ठेवून दिला. कैलास माझ्याकडे बघत राहिला.

"बरं वाटत नाही का रे तुला?"

ती मासिकामागून म्हणाली, "नरेंद्र, तुमची वाक्यं आता माझ्या उपयोगाची नाहीत."

"का?"

"तुम्ही माझ्यासाठी बोलता."

"हो," मी म्हणालो. "तुमच्यासाठीच बोलतो."

तिनं मासिकाचं पान उलटलं, परत सुलटं केलं... कैलास उगाच शिडी बघायला बाहेर गेला. त्या दिवशी स्टेशनच्या कोपऱ्यावर निघताना ती म्हणाली, "उद्या येते. आणि तुम्ही-तुम्ही नको करू आता. कंटाळा येतो."

एकदा आईसाठी म्हणून तिला घरी नेलं. म्हणजे आईच्या वाक्यांसाठी, असं मी तिला सांगितलं होतं. माझी आई, शालन, खोली आवरत होती. जय भीम झालं, चहा झाला. बाहेर ऊन होतं तरी आमच्या आतल्या खोलीत दिवसासुद्धा बल्ब लागायचा. निघताना मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात आई म्हणाली, "लाईटला निरोप दे, मग चला."

यशोधरा जागच्या जागी थांबली. मी तर हे रोज ऐकत होतो, मला ते कधी ऐकू आलंच नव्हतं.

"आई, निरोप का?" तिनं स्वतःची अट मोडली.

"माझी आजी दिव्याला म्हणायची बाई. विझव म्हणायचं नाही, निरोप द्यायचा. दिवा गेला, बल्ब आला, मला कुठं दुसरं बोलता येतं." मग आईला संशय आला. "का गं, हसतेस का मला? आता मी काही बोलणारच नाही."

"हसत नाही. मला आवडलं."

आईनं तिच्याकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे. ती गेल्यावर मला म्हणाली, "शब्दासाठी कोणी एवढं उन्हातून येत नाही, नरू."

"तिचा अभ्यास आहे तो, आई."

"तिचा असेल. तुझा कुठला आहे?"

पुढच्या आठवड्यात यशोधरा आली तेव्हा बाकावर बसली नाही. खिडकीजवळ उभी राहून म्हणाली, "रविवारी मला बघायला येणार आहेत. नाशिकचे. मुलगा बँकेत आहे."

मला खूप काही बोलायचं होतं. मी बोललो ते असं, "त्यांच्याकडे लोडशेडिंग किती तास असतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, कुतूहलानं. नवीन वाक्य ऐकल्यावर बघायची तसं.

"विचारीन त्यांना," ती म्हणाली. "माझी वाक्यं पण पुरेशी झाली आता. सर म्हणाले, लिहायला बस." पिशवी खांद्यावर सारखी केली. "आणखी काही सांगायचंय तुला?"

फोन वाजत होता. मी फोन उचलला. ठेवला तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडे गेली होती.

कैलास चिखलोलीचा, शेतावर वाढलेला, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "जगाच्या तक्रारी घेतोस. तुझी कोण घेणार? नाशिकवाला?"

"ती एम.ए. आहे, कैलास."

"मग? तुला काय तिला शिकवायचंय?"

रविवारच्या आत मला जायचं होतं. शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला. आईनं न विचारता चप्पल घातली. "मी पण येते. तू तिथं पण फोन उचलशील."

कॅम्प चारला ब्लॉकच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. दार तिच्या वडिलांनी उघडलं. शंकरराव, कारखान्यातले, हातात पुठ्ठ्याचा पंखा. कुठे काम करतो म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि मग तेच सुरू झाले. "बरं झालं आलात. रोज इथे लाईट पळते. शेजारच्या ब्लॉकला आहे, आम्हाला नाही. आम्ही काय बिल भरत नाही?" मी सवयीनं म्हणालो, "बघतो मी." आईनं मला कोपर मारलं.

"साहेब," मी म्हणालो, "मी त्यासाठी नाही आलो. यशोधराला मागणी घालायला आलोय. उद्याच्या आधी विचारायचं होतं."

शंकररावांचा हात थांबला. आतून भांड्याचा आवाज येत होता, तो पण थांबला.

"शिक्षण?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पगार सांगितला. बदलापूरला दोन खोल्या आहेत, हेही सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"मुलगी एम.ए. होतेय. उद्या येणारा मुलगा अधिकारी आहे. मी त्यांना काय सांगू?"

मी आईकडे बघितलं. आई आतल्या खोलीकडे बघत होती. आत यशोधरा दारात येऊन उभी होती. शंकरराव तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं हे येणार?"

"नाही बाबा. मला वाटलं, नाही येणार."

"मग?"

ती ओढणीच्या टोकाला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "नाशिकच्यांशी फोनवर बोलले मी परवा. मी सांगितलं, मी कशावर लिहितेय. ते म्हणाले, हो का, छान, आणि स्वयंपाकाचं विचारलं. चांगलेच होते. पण बाबा... मला रोज घरी येऊन काही सांगायचं असतं. आणि समोरच्यानं 'मग?' विचारलं पाहिजे. हा विचारतो."

"एवढ्यावर लग्न करायचं?"

"माझ्यासाठी हे एवढं नाही."

शंकरराव खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी आईला विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" आई सांगायला लागली. माहेर निघालं, कोणी मामा निघाले, त्यांचे कोणी ओळखीचे निघाले. शेवटी ते मला म्हणाले, "नाशिकला मी फोन करतो आता. पण तिचं लिहून पुरं होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही."

"चालेल," मी म्हणालो.

"आणि त्याच्या पुढे शिकेन म्हणाली तर?"

"शिकू दे. मी ऐकेन."

आई मागे शंकररावांशी बोलत राहिली. यशोधरा मला सोडायला जिन्यात आली. दोघंही एका-एका पायरीवर थांबत उतरलो. ती एक पायरी वर होती.

"तू मला अजून नीट विचारलं नाहीस," ती म्हणाली. "बाबांना विचारलंस."

"विचारू?"

"विचार."

"माझ्याशी लग्न करशील?"

"करीन." मग थोडं थांबून, "कसं वाटतंय?"

"खांबावरचं काम झालं की खालून सगळे 'आली, आली' ओरडतात ना... तसं."

ती हसली. माझ्या बाहीला लागलेली जिन्यातली चुन्याची धूळ तिनं बोटांनी झटकली. झटकून झाली तरी बोटं तिथेच राहिली.

तेवढ्यात खालच्या दुकानातून एक पोरसवदा सेल्समन मोबाईल कानाला लावून बाहेर आला. नुकतेच आले होते तेव्हा मोबाईल सगळ्यांकडे. आमच्या बाजूनं तो जिना चढायला लागला, गच्चीकडे, आणि मोठ्यानं म्हणाला, "थांब, ठेवू नको, रेंज पकडून आणतो."

रेंज हाही इंग्रजी शब्द, आणि हा ती पकडून आणणार होता. बाहीवरची तिची बोटं घट्ट झाली, आणि आम्ही दोघांनी एकदम वर बघितलं.