साठलेली रजा

शीतनिद्रेतून जाग आल्यावर हेमांगीने पहिला प्रश्न विचारला तो रजेचा. फुप्फुसांत चंद्रावरची धूळ गेल्यामुळे तिला चंद्रतळावर दीर्घकाळ झोपवून ठेवलं होतं. आता ती बरी झाली होती आणि तिला कऱ्हाडला लेकीकडे, शाल्मलीकडे जायचं होतं. पोर आजीपाशी वाढत होती. दुसरं काही हेमांगीच्या मनात नव्हतंच.

"आजारपणात काम नाही, मग रजा कसली साठणार?" डॉ. टिळेकर म्हणाले. तळाचे डॉक्टर तेच आणि व्यवस्थापकही तेच.

"काम कसं नाही? प्राणवायूचं यंत्र कोणी सांभाळलं?"

"तुमच्या प्रतिमनाने."

प्रतिमन म्हणजे हेमांगीच्या मनाची संगणकात उतरवलेली नक्कल. आठवणी तिच्या, कसब तिचं, हट्टसुद्धा तिचाच.

"मग ती मीच की! तिचं काम ते माझं काम, तिची रजा ती माझी रजा." हेमांगी वादाला उभी राहिली की समोरच्याची धडगत नसे.

"विचार करून बोला. तुम्ही दोघी एकच, हे मान्य?"

"शंभरदा मान्य!"

"मग सगळी रजा पुढे ओढली. मंजूर." डॉक्टर जरा घुटमळले. "पण रजा तिनेही मागितलीय. तुमचीच नक्कल ती, तुमच्यासारखीच थकते."

"ती कुठे जाणार रजेवर?"

"जिथून काढली, त्या मेंदूत तिला परत उतरवता येतं. फक्त एका मेंदूत दोन मनं मावत नाहीत. तेवढे दिवस तुम्ही संगणकात बसायचं, यंत्र सांभाळायचं."

"अहो, शरीर माझं आहे!"

"दोघी एकच ना? मग कोणीही गेलं तरी तुम्हीच गेलात."

"माझ्या लेकीला फरक पडतो. विचारा तिला!"

पडद्यावर शाल्मली आली. केवढी उंच झाली होती! हेमांगीच्या पोटात माया दाटून आली.

"शालू, आई बरी झाली बघ!"

पोरीने डोळे बारीक केले. "तू रोज बोलणारी आई, का झोपलेली?"

"झोपलेली," हेमांगीच्या तोंडून निघून गेलं.

"मग रोजची येऊ दे ना. मला ताप होता तेव्हा ती रात्रभर बोलत होती." शाल्मली समजुतीने म्हणाली, "तू अजून आराम कर हं."

भिंतीतून हेमांगीचाच आवाज आला, अगदी हळुवार. "काळजी करू नकोस गं. तिला तुझ्यासारखंच जवळ घेईन."

डॉक्टरांनी तारांची टोपी पुढे केली. हेमांगीला ओरडायचं होतं. पण लेक बघत होती, म्हणून ती हसली.