सातवा वेगवर्ग

चांद्रतळावरच्या प्रयोगशाळेतून ऋजुतानं फोन लावला, तेव्हा मिरजेत आप्पा नवा राऊटर बसवून तिचीच वाट पाहत होते.

"दुकानदार म्हणाला, काका, तुम्हाला पाचवा वेगवर्ग पुरे. मी म्हटलं, लेक चंद्रावर असते, सातवाच दे!"

"आप्पा, वर्ग कुठलाही घ्या, प्रकाशाचा वेग तोच. जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा."

"मग आज मधे खंड का पडत नाही? सांगा की, शास्त्रज्ञबाई!"

खरंच पडत नव्हता. एरवी त्या अडीच सेकंदांनी आप्पा वैतागायचे. तबलजी माणूस, सम हुकते म्हणायचे. आज तिचं वाक्य संपतं न संपतं तोच त्यांचं उत्तर येत होतं. ती चक्रावली, पण तेवढ्यात विषय शेजारच्या मांजरीवर गेला.

"आणखी काही?" आप्पांनी शेवटी विचारलं.

ती गप्प राहिली. त्यांचा तबला सोडून ती इकडे आली, त्याला सहा वर्षं झाली होती. दर वेळी या प्रश्नापाशी ती अशीच थांबायची.

"बरं झालं, बोललीस एकदाची," आप्पा म्हणाले. "ठेवतो. शिकवणीची वेळ झाली."

बोलले? काय बोलले मी? विचारेपर्यंत फोन बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचं हृदय थांबलं.

पंधरा दिवसांनी तिनं तळाचा संदेशवहन अभियंता तन्वीर शेख याला गाठून त्या शेवटच्या फोनबद्दल सांगितलं. "आप्पांना भास झाला होता का रे?"

तन्वीरनं मिरजेच्या राऊटरची नोंद उघडली. "भास नाही. सातवा वर्ग वेगानं धावत नाही, अंदाज बांधतो. तू काय बोलशील ते आधीच ओळखून तिथल्या तिथे, तुझ्या आवाजात ऐकवतो. पूर्वध्वनी म्हणतात त्याला. मागून तुझं खरं बोलणं आलं की दुरुस्ती करतो. तू गप्पच बसलीस, तर अंदाज तसाच राहतो."

"म्हणजे आप्पांचं ते उत्तरही इथल्या यंत्रानंच…"

"छे! तळावर पाचवा वर्ग आहे. त्याला अंदाज कुठला बांधता येतोय? तू ऐकलेस ते आप्पाच."

"पण माझ्या मनातलं त्या डबड्याला काय ठाऊक?"

"तुझ्या खात्यातल्या जुन्या निरोपांवरून तो शिकतो. लिहून खोडलेल्यांवरूनसुद्धा." तन्वीरनं नोंद खाली सरकवली. "एकच ओळ तू बेचाळीस वेळा खोडली आहेस, ऋजुता."

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. आप्पांना ऐकवलेली तीच ओळ होती. पुढे शेरा: अपुष्ट, खरं बोलणं आलेलं नाही.

ती बोलली नव्हती, त्यांनी ऐकलं होतं, उत्तरही दिलं होतं. मग हे बोलणं झालं की नाही? काही केल्या तिला उलगडेना.

"राऊटर चालू आहे अजून?"

"आहे. घराला कुलूप आहे फक्त."

तिनं मिरजेचं घर जोडून घेतलं आणि त्या रिकाम्या खोलीला ती ओळ मोठ्यानं ऐकवली, "आप्पा, मी तबला सोडला. तुम्हाला नाही."